तुल्यबळ जोड

कुस्तीच्या मैदानात जोड लावणाऱ्या माणसाचा शब्द वस्तादाइतकाच वजनदार असतो. समोर घाम फोडणारा गडी उभा राहिला नाही, तर कितीही मोठ्या पैलवानाची कुस्ती बघायला मजा येत नाही आणि त्या पैलवानालाही आपण किती पाण्यात आहोत हे कळत नाही. १९८३ साली इंग्लंडच्या मोटार शर्यतीत अशीच एक जोड लागली होती. एका बाजूला ब्राझीलच्या साओ पावलोचा तेवीस वर्षांचा आयर्टन सेन्ना आणि दुसऱ्या बाजूला नॉरफकमधल्या किंग्ज लिन गावचा, त्याच्याहून दहा महिन्यांनी मोठा मार्टिन ब्रंडल. आखाडा होता ब्रिटिश फॉर्म्युला थ्री स्पर्धेचा आणि कुस्ती चालली मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत, वीस शर्यती. सेन्ना पुढे तीनदा जगज्जेता झाला, त्यामुळे हा मोसम त्याच्या चरित्रातलं एक प्रकरण म्हणूनच सांगितला जातो. मला मात्र तो कायम दोघांचा वाटत आला आहे.

फॉर्म्युला थ्री ही एकाच माणसाला बसायची, उघड्या चाकांची गाडी. फॉर्म्युला वनच्या वाटेवरची ती शेवटून दुसरी-तिसरी पायरी. ब्रिटिश स्पर्धेचा दबदबा असा, की दक्षिण अमेरिकेतली, ऑस्ट्रेलियातली, स्कँडिनेव्हियातली पोरं घरदार सोडून इंग्लंडच्या पावसात येऊन राहायची. जॅकी स्टुअर्ट, एमर्सन फिटिपाल्डी, नेल्सन पिके हे सगळे याच वाटेने वर गेले. पूर्वी एकाच मोसमात दोन-तीन वेगवेगळ्या मालिका चालायच्या आणि प्रत्येकीचा विजेता वेगळा असायचा. १९७९ पासून एकच राष्ट्रीय विजेतेपद उरलं आणि त्याची किंमत वाढली. ते जिंकलं की फॉर्म्युला वनची दारं किलकिली व्हायची. हरणाऱ्याला पुढच्या वर्षासाठी पुन्हा प्रायोजक शोधत हिंडावं लागायचं.

गाडीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण या मोसमाचा शेवट गाडीच्या एका किरकोळ भागावर येऊन ठेपला. इंजिन दोन लिटरचं, चार सिलिंडरचं, आणि त्याचा ब्लॉक साध्या, बाजारात विकल्या जाणाऱ्या गाडीतलाच असला पाहिजे असा नियम होता. शिवाय इंजिनात जाणारी सगळी हवा २४ मिलिमीटरच्या एका भोकातूनच जाणार. साधारण आपल्या पाच रुपयांच्या नाण्याएवढं भोक. तुम्ही इंजिनावर कितीही कारागिरी करा, त्याला श्वास तेवढाच मिळणार. म्हणून सगळ्यांची ताकद जवळजवळ सारखी, १६० अश्वशक्तीच्या आसपास. अशा गाडीत वळणावर उगाच ब्रेक लागला किंवा क्षणभर पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला गेला, तर गेलेला वेग परत मिळवायला सरळ रस्ता संपेपर्यंत वाट बघावी लागते. जोरकस इंजिन चालकाची चूक झाकतं, हे इंजिन ती चव्हाट्यावर मांडायचं. तरुण चालकाची पारख करायला याहून चांगलं यंत्र मला तरी माहीत नाही.

दोघांकडेही गाडी एकाच जातीची, राल्ट आरटी थ्री. ब्रॅबम गाड्यांच्या उभारणीत जॅक ब्रॅबमचा भागीदार असलेल्या रॉन टॉरानॅकने तिचा आराखडा केला होता. रॉन आणि त्याचा भाऊ ऑस्टिन लुईस, यांच्या नावांच्या आद्याक्षरांपुढे टॉरानॅकचा ‘टी’ लावून राल्ट हे नाव झालं. गाडीच्या दोन्ही कुशींत उलट्या पंखासारखा आकार दिलेला असायचा आणि कडेला जमिनीलगत पट्ट्या. खालून जाणारी हवा वेगाने निसटली की गाडी रस्त्याला चिकटून धरली जायची. फॉर्म्युला वनने त्याच वर्षी ही युक्ती बंद केली आणि सपाट तळ सक्तीचा केला. फॉर्म्युला थ्रीत ती अजून दोन वर्षं टिकली. इंजिनही दोघांचं टोयोटाचं, तयार केलेलं इटलीतल्या नोव्हारा गावच्या नोव्हामोटर या कारखान्याने. गाडी तीच, इंजिन तेच, तेव्हा उरला तो माणूस आणि त्याची तालीम.

तालमी मात्र दोन तऱ्हांच्या होत्या. सेन्नाचा वस्ताद डिक बेनेट्स, न्यूझीलंडचा, मितभाषी आणि काटेकोर इंजिनिअर. १९८० साली स्टेफान योहान्सन आणि १९८१ साली जोनाथन पामर या दोघांच्या विजेतेपदांमागे त्याचाच हात होता. त्याच्या संघाचं नाव वेस्ट सरे रेसिंग. ब्रंडलचा वस्ताद एडी जॉर्डन, डब्लिनचा बोलघेवडा गडी, स्वतः चालक म्हणून धडपडून झालेला आणि आता सिल्व्हरस्टोनला छोटासा संघ चालवणारा. पैशांची ओढाताण त्याच्या पाचवीला पुजलेली. गंमत म्हणजे सेन्नाला फॉर्म्युला थ्रीच्या गाडीत पहिल्यांदा बसवलं ते जॉर्डननेच, १९८२ साली सिल्व्हरस्टोनला एका चाचणीसाठी. पण सेन्नाने बेनेट्सची तालीम निवडली. तिकडे ब्रंडलच्या घरचा मोटार विक्रीचा धंदा होता, कोवळ्या वयापासून तो शर्यतीत उतरलेला. १९८३ मध्ये त्याच्यावर डाव लावणारे थोडे होते. जॉर्डन त्यांतला एक.

मोसमाची सुरुवात ६ मार्चला सिल्व्हरस्टोनला झाली आणि सेन्ना जिंकला. मग थ्रक्सटन. मग पुन्हा सिल्व्हरस्टोन, डोनिंग्टन, ब्रँड्स हॅच. मे महिना संपला तेव्हा नऊ शर्यती झाल्या होत्या आणि नवाच्या नऊ सेन्नाच्या नावावर होत्या. सिल्व्हरस्टोनला तो इतका जिंकायचा, की त्याच्या दा सिल्व्हा या आडनावावरून त्या मैदानाला गमतीने ‘सिल्व्हास्टोन’ म्हणू लागले. त्याची रीत ठरलेली होती. पहिल्या फेरीत टायर थंड असतात, रस्त्याला नीट पकडत नाहीत, म्हणून बाकीचे जपून चालवतात. सेन्ना त्याच फेरीत जीव तोडून पळायचा आणि मागचे सावध होईपर्यंत निसटून गेलेला असायचा. ही नुसती धडाडी नव्हती. गार टायरवर गाडी नेमकी किती घसरेल याचा अंदाज त्याच्या अंगात मुरला होता.

या नऊ शर्यतींत बहुतेक वेळा दुसरा ब्रंडल यायचा. नऊ वेळा तीच पाठ बघायची, दर रविवारी घरी जाऊन पुन्हा गाडीची मोजमापं तपासायची आणि पुढच्या रविवारी हेल्मेट चढवून पुन्हा उभं राहायचं, याला काय लागतं याचा विचार मी पुष्कळ वेळा केला आहे. हारजीत सगळेच भोगतात. पण ज्याच्याकडून हरतोय त्याच्याकडून रोज काहीतरी शिकत राहणं फार थोड्यांना जमतं. ब्रंडलला जमलं. पहिल्या फेरीत सेन्ना काय करतो ते त्याने मागून इतक्या वेळा पाहिलं, की हळूहळू तोही ते करू लागला.

१२ जूनला सिल्व्हरस्टोनची शर्यत ब्रिटिश आणि युरोपीय अशा दोन्ही स्पर्धांसाठी होती. ब्रिटिश गुण हवे असतील तर नेहमीचे एव्हन टायर लावायचे. युरोपीय गटात उतरलात तर अधिक पकड देणारे योकोहामा चालतील, पण ब्रिटिश गुण विसरायचे. जॉर्डनने ब्रंडलला युरोपीय गटात उतरवलं. सेन्ना एव्हन टायरवर राहिला असता तर गुण आरामात मिळाले असते. पण सरावात ब्रंडल आपल्यापेक्षा वेगवान आहे हे त्याला बघवेना. त्यानेही टायर बदलले, गुणांवर पाणी सोडलं, ब्रंडलचा पाठलाग करायला गेला आणि शर्यतीबाहेर फेकला गेला. ब्रंडल जिंकला. माझ्या मते संपूर्ण मोसमाची किल्ली या दुपारी आहे. आकडेवारी सेन्नाच्या बाजूने होती, शहाणपणही गुण घेऊन घरी जा म्हणत होतं, आणि तरीही त्याला दुसरं येणं सोसलं नाही. पुढे जगाने ज्या सेन्नाला डोक्यावर घेतलं आणि ज्याच्याशी प्रोस्टसारखे प्रतिस्पर्धी चालक भांडले, तो इथेच उघडा पडला. त्याला उघडं पाडलं ब्रंडलने.

मग गाडी उताराला लागली. पुढच्याच आठवड्यात कॅडवेल पार्कला सरावात आणखी वेळ कमी करायच्या नादात सेन्नाची चाकं गवतात गेली, गाडी मोडली आणि शर्यतीत उतरताच आलं नाही. जुलैच्या सुरुवातीला स्नेटरटनला ब्रंडलला मागे टाकायच्या प्रयत्नात तो पुन्हा गवतावर जाऊन आदळला. ऑगस्टमध्ये ऊल्टन पार्कला तर त्याची गाडी ब्रंडलच्या गाडीवर चढून थांबली. अधूनमधून सेन्ना जिंकतही होता. ब्रिटिश ग्रांप्रीच्या दिवसांत सिल्व्हरस्टोनला सगळ्या फॉर्म्युला वन मालकांच्या डोळ्यांदेखत जिंकला आणि त्याच जुलैत विल्यम्सने त्याला डोनिंग्टनला आपल्या फॉर्म्युला वन गाडीत बसवून पाहिलं. पण गुणांची दरी बुजत चालली होती. सप्टेंबरमध्ये ब्रंडल एकामागून एक शर्यती घेत गेला. स्पर्धेच्या नियमांत प्रत्येकाचे काही वाईट निकाल हिशेबातून वगळायचे असत. ते वगळून शेवटच्या शर्यतीआधी ब्रंडल १२३ आणि सेन्ना १२२. नऊच्या नऊ हरलेला माणूस एका गुणाने पुढे होता.

शेवटची शर्यत २३ ऑक्टोबरला थ्रक्सटनला. हॅम्पशरमधला हा जुना लष्करी विमानतळ, सिल्व्हरस्टोन आणि स्नेटरटनसारखाच. दुसऱ्या महायुद्धानंतर ओस पडलेल्या धावपट्ट्यांवरच इंग्लंडची शर्यत वाढली. आपल्याकडेही चेन्नईजवळच्या शोलावरम् इथे युद्धकाळातल्या धावपट्टीवर कित्येक वर्षं शर्यती झाल्या, त्या पाहिलेले लोक आजही त्यांच्याबद्दल बोलताना हरखून जातात.

इंजिनात आधीसारखा दम राहिला नाही अशी सेन्नाची तक्रार होती. तेव्हा तो इंजिन घेऊन स्वतः इटलीत नोव्हाराला गेला, ते पुन्हा बांधून घेतलं आणि घेऊन परत आला. शर्यतीच्या दिवशी त्याने आणि बेनेट्सने आणखी एक शक्कल लढवली. इंजिनातलं तेल गार असलं की घट्ट असतं आणि घट्ट तेल इंजिनाची थोडी ताकद खातं. ऑक्टोबरच्या थंडीत तेल तापायला काही फेऱ्या जाणार. सेन्नाचा तर सगळा डाव पहिल्या फेरीवर. म्हणून तेलाच्या रेडिएटरची हवा बाहेर पडायची जागा चिकटपट्टीने बंद करून टाकली. तेल लवकर तापेल, आणि पुरेसं तापलं की चालत्या गाडीतून हात बाहेर काढून सेन्नाने पट्टी ओढून टाकायची, असं ठरलं.

शर्यत सुटली आणि सेन्ना पुढे गेला, नेहमीसारखा. तेलाच्या तापमानाचा काटा चढत राहिला. पट्टी काढायची वेळ आली तेव्हा त्याला कळलं, की खांद्यावरचे पट्टे आवळलेले असताना हात तिथवर पोहोचतच नाही. शर्यतीच्या गाडीत चालकाला पट्ट्यांनी जवळजवळ बांधूनच घालतात. पट्टी तशीच राहू द्यावी तर इंजिन जळणार आणि मोसमभराची मेहनत मातीत जाणार. त्याने भर वेगात पट्टे सोडले, अंग वळवलं, एका हाताने गाडी धरून दुसऱ्याने चिकटपट्टी खेचून काढली. त्या झटापटीत गाडी जवळजवळ हातातून गेली होती. सुटलेले पट्टे चालत्या गाडीत पुन्हा पहिल्यासारखे आवळता येत नाहीत. उरलेली शर्यत तो तसाच, सैल बसून पळाला, आणि तरीही कुणाच्या हाती लागला नाही.

दुसरा आला अमेरिकेचा डेव्ही जोन्स. ब्रंडल तिसरा. गुण झाले १३२ आणि १२३. ब्रंडलला त्या दिवशी मिळालेले गुण वाईट निकाल वगळण्याच्या हिशेबात गेले, त्याची बेरीज सकाळी होती तेवढीच संध्याकाळी राहिली. वीस शर्यतींत सेन्नाचे विजय बारा.

त्या आखाड्यात पुढे आपलेही लोक उतरले. १९९९ आणि २००० साली नारायण कार्तिकेयन ब्रिटिश फॉर्म्युला थ्री खेळला. जुनी मालिका २०१४ नंतर बंद पडली आणि थोड्याच काळात त्याच नावाने नवी उभी राहिली, तिच्यात कोल्हापूरच्या कृष्णराज महाडिकने गाडी चालवली. कुस्तीच्या कोल्हापुरात गो-कार्टिंगचाही ट्रॅक आहे, आणि तिथे चाकामागे बसलेल्या पोरांना वडील कठड्यापाशी उभे राहून हातवारे करून वळण दाखवत असतात, तेव्हा ते दृश्य मला तालमीपेक्षा फार निराळं वाटत नाही. त्या पोरांना मी १९८३ ची गोष्ट सांगायची झाली तर सेन्नाच्या नऊ विजयांपासून सुरुवात करणार नाही. दहाव्या शर्यतीपासून करेन.

२५ मार्च १९८४ ला रिओ दी जानेरोत फॉर्म्युला वनचा नवा मोसम सुरू झाला. सेन्ना टोलमनच्या गाडीत आणि ब्रंडल टिरेलच्या, दोघांचीही पहिली ग्रांप्री. सेन्ना आपल्या देशात, आपल्या माणसांसमोर पळत होता, पण आठव्या फेरीत टर्बो बिघडून तो थांबला. ब्रंडल शेवटपर्यंत पळत राहिला आणि पाचवा आला. नियमभंगाच्या कारणावरून त्या वर्षीचे टिरेलचे सगळे निकाल नंतर रद्द झाले. तो पाचवा क्रमांकही त्यांत गेला.