भस्म, मषी, क्षार आणि इंग्रजी ‘अ‍ॅश’

औषधाच्या वेष्टनावर इंग्रजी मजकूर लिहिताना भस्म, मषी व क्षार या तिन्हींस आपण सर्रास ‘अ‍ॅश’ म्हणतो. वस्तुतः हे तीन भिन्न कल्प आहेत.

‘अ‍ॅश’ म्हणजे सेंद्रिय द्रव्य पूर्ण जळाल्यावर उरणारी राख. फार्मसीत वनस्पतिचूर्णाची ‘टोटल अ‍ॅश’ काढतात, ती हीच. भस्म मात्र शोधन, भावना व पुटांनी सिद्ध होते. त्यास ‘कॅल्साइन्ड’ हा शब्द जवळचा. लॅटिन ‘कॅल्क्स’ म्हणजे चुना, त्यावरून तो आला. तथापि वारितर, रेखापूर्ण, अपुनर्भव या परीक्षा त्यात सामावत नाहीत. म्हणून मूळ ‘भस्म’ शब्द आधी हवाच. त्रिफळामषी हवा कोंडून जाळलेली, कार्बन शिल्लक राहिल्याने काळी. तिला ‘चार्ड’ म्हणावे. अपामार्गक्षार राख पाण्यात कालवून, गाळून व आटवून मिळतो, तो ‘अल्कली’. ‘पोटॅश’ हे नावही भांड्यात राखेचे पाणी आटविण्यावरूनच पडले.

२००४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळले. नुसते ‘अ‍ॅश’ वाचणाऱ्या परदेशी डॉक्टरास आत धातू आहे याची कल्पनाही येत नाही. रुग्णाची वृक्कविकृती समोर असता हे अज्ञान घातक ठरू शकते.

म्हणून ‘ताम्र भस्म, कॅल्साइन्ड कॉपर’ असे स्पष्ट लिहावे, अशी आमची वैद्यबंधूंस व औषधनिर्मात्यांस विनंती आहे.