धान्यावरील स्थानिक कर आणि व्यापाऱ्याची वही

व्यापारी मनुष्याच्या हातून दिवसभरात जो पैसा फिरतो, त्यातील फार थोडा त्याचा स्वतःचा असतो. काही शेतकऱ्याचा, काही हमालाचा, काही बँकेचा आणि काही सरकारचा. यांपैकी पहिल्या तिघांचा पैसा ओळखण्यास आम्हांस कधी अडचण पडली नाही. कारण ते मागावयास दारात येतात. चौथ्याचा पैसा मात्र आमच्याच गल्ल्यात, आमच्याच नोटांत मिसळून मुकाट पडून राहतो. खाद्यवस्तूंवरील कराचा व्यवहार कसा चालतो, हे सभासद बंधू-भगिनींपुढे मांडताना ही एक गोष्ट आम्ही आरंभीच सांगून ठेवतो.

आमच्या लहानपणी हा कर डोळ्यांना दिसे. गावाच्या वेशीवर नाका असे. मराठीत त्यास जकात म्हणत, सरकारदरबारी चुंगी. ज्वारीची, तुरीची गाडी नाक्यावर थांबे, कारकून पोती मोजी, पावती फाडी आणि मगच आडवा बांबू वर जाई. वडील त्या पावत्या दुकानातील तारेत ओवून ठेवीत. या कराचे तत्त्व सोपे होते: जो माल गावात वापरावयास वा विकावयास येईल त्यावर गावाने कर घ्यावा आणि त्या पैशातून गावाचे दिवे, नाल्या व रस्ते करावेत. जो माल गावातून केवळ पुढे जावयाचा, त्यावर कर बसू नये, अशीही तजवीज असे. दोष असा की, माल विकण्यापूर्वीच पैसा भरावा लागे. ज्वारी चार महिने कोठारात पडून राहिली, तर तिच्यावरील जकातही तितके दिवस अडकून राही.

मध्यप्रदेशात १९७६ साली जकातीच्या जागी प्रवेश कराचा कायदा आला. नाक्यावरील पावती गेली आणि हिशेब व्यापाऱ्याच्या वहीत आला. शेजारच्या नागपूर शहरात हाच बदल १ एप्रिल २०१३ रोजी झाला. तेथे जकातीऐवजी स्थानिक संस्था कर लागू करण्यात आला. मुंबईची जकात ३० जून २०१७ पर्यंत चालली. वस्तू व सेवा करासाठी २०१६ साली १०१वी घटनादुरुस्ती झाली, तीत स्थानिक क्षेत्रात येणाऱ्या मालावर कर बसविण्याची नोंद राज्यसूचीतून वगळण्यात आली आणि १ जुलै २०१७ पासून मध्यप्रदेशातील प्रवेश करही संपला. आमच्या राज्यातील नगरपालिकांना आजही चुंगी क्षतिपूर्ती या नावाने शासनाकडून रक्कम मिळते. चुंगी जाऊन जवळजवळ पन्नास वर्षे झाली, पण तिचे नाव अद्याप जमाखर्चात टिकून आहे.

धान्याच्या व्यापाऱ्यास आज दोन गोष्टी नीट समजल्या पाहिजेत. पहिली मंडी शुल्काची. १९७२ च्या मध्यप्रदेश कृषी उपज मंडी अधिनियमानुसार हे शुल्क खरेदीदाराने द्यावयाचे असते. ते शेतकऱ्याच्या भावातून कापता येत नाही. दर शासन वेळोवेळी बदलते. शेकडा दीड रुपया दर धरला, तर एक लाखाच्या तुरीवर १५०० रुपये होतात आणि ते आमच्या खरेदीच्या किंमतीत मिळवावयाचे, शेतकऱ्याच्या पट्टीतून वजा करावयाचे नाहीत. शुल्क एकदा भरले की अनुज्ञापत्र मिळते; ते जवळ असल्यास राज्यातील पुढील व्यापाऱ्यास त्याच मालावर पुन्हा शुल्क द्यावे लागत नाही. म्हणून अनुज्ञापत्र हरवणे म्हणजे पैसा हरवणे होय. २०२० च्या केंद्रीय कायद्याने मंडीच्या आवाराबाहेरील खरेदी शुल्कमुक्त केली होती. परंतु १२ जानेवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये संसदेने तो कायदा रद्द केला.

दुसरी गोष्ट वस्तू व सेवा कराची. सुटे धान्य, डाळ व पीठ यांवर हा कर नाही. मात्र १८ जुलै २०२२ पासून बांधून, छापील मजकूर लावलेल्या २५ किलोपर्यंतच्या पिशवीवर शेकडा पाच कर आहे. ३० किलोची एकच पिशवी करमुक्त. पण दहा-दहा किलोच्या तीन पिशव्या एका पोत्यात घातल्या, तर त्या करपात्रच. एक हजाराच्या पिशव्यांवर ५० रुपये कर येतो. बारदान्यावर आपण त्यासाठी ४ रुपये कर भरला असेल तर ते वजा जाऊन ४६ भरावयाचे. करमुक्त मालाच्या बारदान्यावरील कराची वजावट मिळत नाही. उपाहारगृह चालविणाऱ्या बंधूंना सामान्यतः बिलावर शेकडा पाच घ्यावे लागतात. त्यांना मात्र खरेदीवरील कराची वजावट नाही. माल सौंसरहून सावनेरला विकला, तर कराचा राज्याचा वाटा महाराष्ट्रास जातो. जकात माल खपणाऱ्या गावाची होती. आजचा कर माल खपणाऱ्या राज्याचा आहे.

आता आमची चूक सांगतो. जानेवारी २०२३ मध्ये नव्या तुरीची आवक सुरू झाली, भाव मनासारखा होता. गल्ल्यात गिऱ्हाइकांकडून घेतलेला कर होता, तोही आम्ही खरेदीत घातला. २० तारखेस विवरणपत्र भरावयाचे तेव्हा रक्कम अपुरी पडली. विलंब झाला आणि शेकडा १८ दराने व्याज भरावे लागले. व्याज मोठे नव्हते, पण संगणकावरील हिशेब पाहणाऱ्या सूनबाईंनी विचारले, "बाबा, शेतकऱ्याचा पैसा असता तर आपण वापरला असता का?" आम्हांस उत्तर देता आले नाही. त्या दिवसापासून कराचा पैसा वेगळ्या खात्यात रोजच्या रोज जातो. अतिचारांत विरुद्धराज्यातिक्रम आणि हीनाधिकमानोन्मान शेजारी-शेजारी सांगितले आहेत; खोट्या मापास आम्ही जन्मभर भ्यालो, त्याच्या शेजाऱ्याकडे मात्र आमचे लक्ष गेले नव्हते.

आणखी एक शल्य आहे. ज्याच्या हाती पैसा आहे तो ३० किलोचे पोते नेतो आणि त्यास कर लागत नाही. रोजमजुरी करणारी बाई बाजाराच्या दिवशी पाच किलोची बांधलेली पिशवी घेते. तिला कर लागतो. कायदा करणे आपल्या हाती नाही, परंतु सुटे धान्य तोलून देणे पूर्णतः कायदेशीर आहे. म्हणून आम्ही आमच्या चिल्लर दुकानदारांना ३० किलोचे पोते देतो आणि ते फोडून तागडीवर तोलून विका, असा आग्रह धरतो. यात त्यांना श्रम अधिक आणि आमच्या पिशव्यांचा खप कमी. आमच्या काही बंधूंना हे परवडत नाही, हेही आम्ही जाणतो. तथापि दुकानात एक पोते उघडे ठेवण्यास फारसे काही लागत नाही.

वडिलांच्या तारेतील पावत्या केव्हाच उंदरांनी खाल्ल्या. तार अजून आहे. तिच्यात आम्ही हल्ली अनुज्ञापत्रांच्या प्रती ओवतो.