सव्वा गुंठ्याचे मैदान आणि तीन महिन्यांचा हंगाम

पनवेल तालुक्यात कबड्डीचे मंडळ नाही असे गाव शोधूनच काढावे लागेल. भाताची झोडणी आटोपली, खळी रिकामी झाली की सामने सुरू व्हायचे, ही या भागाची जुनी रीत. करंजाडे परिसरातली भातखाचरे सिडकोच्या संपादनात गेली, तिथे इमारती उठल्या. पण खेळाचे वेड काही गेले नाही. फरक एवढाच की आता तो मैदानापेक्षा टीव्हीवर जास्त दिसतो. "साहेब, आमचा पोरगा प्रो कबड्डीत जाईल का हो?" हा प्रश्न हल्ली खताच्या चौकशीइतकाच सहज विचारला जातो. तेव्हा या व्यावसायिक हंगामाचा ताळेबंद शेतकऱ्याच्या हिशेबाने मांडून पाहू.

उदाहरण म्हणून दहावा हंगाम घेऊ, कारण तो आपल्या पुणेरी पलटणने जिंकला. २ डिसेंबर २०२३ ला अहमदाबादला सुरुवात झाली आणि १ मार्च २०२४ ला हैदराबादला शेवट. संघ १२, प्रत्येकाचे साखळीत २२ सामने. पुणेरी पलटणने त्यातले १७ जिंकले, ३ बरोबरीत सोडवले आणि फक्त २ गमावले. ९६ गुणांसह गुणतक्त्यात पहिला नंबर. उपांत्य फेरीत पाटणा पायरेट्सला ३७-२१ असे लोळवले. अंतिम सामना मात्र अटीतटीचा झाला. हरियाणा स्टीलर्सविरुद्ध २८-२५, म्हणजे अवघ्या तीन गुणांचा फरक. पंकज मोहितेने एकाच चढाईत चार गडी टिपले, तिथे पारडे फिरले. आदल्या हंगामात, डिसेंबर २०२२ मध्ये, हाच संघ मुंबईत जयपूरकडून ३३-२९ असा हरला होता. विजेतेपद त्यांना पहिल्यांदाच मिळाले.

कर्णधार होता अस्लम इनामदार, अहिल्यानगर जिल्ह्यातला, खेड्यातून वर आलेला. हंगामाचा सर्वोत्कृष्ट खेळाडूही तोच ठरला. आपल्या पोरांच्या डोळ्यांसमोर तो असतो, ते बरोबरच आहे. पण पुढचेही पाहायला हवे. अकराव्या हंगामात, २०२४ साली, त्याला मध्येच दुखापत झाली आणि तो बाहेर बसला. गतविजेता संघ पहिल्या सहांतही आला नाही. २०२५ च्या बाराव्या हंगामात तो परतला, संघ पुन्हा अंतिम फेरीत गेला आणि ३१ ऑक्टोबरला दिल्लीकडून ३१-२८ असा हरला. अस्लमसारखा गडी परत उभा राहिला, कारण त्याच्यामागे संघ होता, डॉक्टर होते. गावच्या बक्षिसी सामन्यात गुडघा फिरलेल्या पोराच्या मागे कोण असते? त्याचे आई-बाप, आणि फार तर मंडळाची वर्गणी.

आता पैशाचे बघू. दहाव्या हंगामाच्या लिलावात सर्वात खालच्या 'ड' गटाची पायाभूत किंमत ९ लाख रुपये होती. त्या वर्षीचा साध्या भाताचा हमीभाव क्विंटलला २,१८३ रुपये. म्हणजे ९ लाखांसाठी सुमारे ४१२ क्विंटल भात घालावा लागेल! पवन सेहरावतला तर तेलुगू टायटन्सने २ कोटी ६० लाख ५० हजारांना घेतले. आकडे ऐकून कुणाचेही डोके फिरेल. पण पायाभूत किंमत म्हणजे हमीभाव नव्हे. बोली लागली तरच पैसे, नाही लागली तर शून्य. एका संघात जास्तीत जास्त २५ खेळाडू धरले तरी साऱ्या देशातून, परदेशी धरून, जागा ३००. आणि याच पवन सेहरावतला २०२२ च्या हंगामात २ कोटी २६ लाखांना घेतले होते, तेव्हा पहिल्याच सामन्यात गुडघा गेला आणि सारा हंगाम वाया गेला. लागवड झाली आणि दुसऱ्या दिवशी पूर आला, तशातली गत.

आणखी एक गोष्ट आपल्याला खटकण्यासारखी आहे. या हंगामाला पिकासारखा ठरलेला काळ नाही. २०१४ चा पहिला हंगाम २६ जुलैला सुरू झाला, ऐन लावणीत. दहावा डिसेंबरात, बारावा ऑगस्टच्या शेवटी. त्यामुळे तयारी बारमाही लागते, नुसती सुगीनंतरची नाही.

म्हणून पालकांना सांगणे असे की पोराला खेळू द्या, पण दहावी-बारावी सोडू देऊ नका. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. त्याला मान्यताप्राप्त संघटनेच्या स्पर्धांची प्रमाणपत्रे लागतात आणि त्यांची पडताळणी क्रीडा उपसंचालकांकडे होते. गावच्या सामन्यातली ढाल तिथे चालत नाही. मंडळाची नोंदणी जिल्हा संघटनेकडे आहे का, हे आधी विचारा.

आता सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांसाठी. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब, १० मीटर रुंद, म्हणजे १३० चौरस मीटर. गुंठा १०१ चौरस मीटरचा. हिशेब सव्वा गुंठ्याचा! भोवती मोकळी जागा आणि प्रेक्षक धरून पाच गुंठे पुष्कळ झाले. करंजाड्यासारख्या ठिकाणी पाच गुंठ्यांची किंमत काय, ते मी सांगायला नको. पण इथे हजारो एकर गेले, आणि पाच गुंठे पोरांसाठी राखता येत नाहीत हे पटत नाही. आराखड्यात खेळाचे मैदान दाखवलेले असेल तर त्याचा नकाशा कार्यालयात लावा, जागेवर हद्दीचे दगड घाला, आणि तिथे मंडप, गाड्या किंवा राडारोडा येऊ देऊ नका.

मॅट महाग पडते. सुरुवातीला मातीच ठीक. आपली खाडीकडची काळी माती एकटी वापरू नका, उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पाय अडकतो. चाळलेली तांबडी माती, पूर्ण कुजलेले शेणखत आणि लाकडाचा भुसा मिसळून थर द्यावा. खडा राहता कामा नये. संध्याकाळी हलके पाणी शिंपून सकाळी रोलर फिरवावा. शेणखत असल्याने खरचटलेल्या पोराला धनुर्वाताचे इंजेक्शन घेतले आहे का, हे वस्तादांनी विचारून घ्यावे. पावसाळ्याआधी वर ताडपत्री घाला आणि चारी बाजूंनी चर काढा, म्हणजे भात कापून होईतो मैदानही तयार असेल.