समुद्री शेवाळातून कर्करोगावर औषध

गिरगाव चौपाटीवर ओंजळीत घेतलेल्या पाण्यातही डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म शेवाळ असते. त्यातून औषध मिळू शकते का? होय. हिंदी महासागरातील ‘समुद्री ससा’ या गोगलगायीत शास्त्रज्ञांना डोलास्टॅटिन हे द्रव्य सापडले. ते तिने खाल्लेल्या निळ्या-हिरव्या शेवाळातून येते, हे पुढे कळले. मूळ द्रव्य अतिशय विषारी. म्हणून तसेच द्रव्य प्रयोगशाळेत बनवून, रोगट पेशी हेरणाऱ्या प्रतिपिंडाला जोडण्यात आले. या ‘ब्रेंटुक्सिमॅब व्हेडोटिन’ औषधाला २०११ साली अमेरिकेत हॉजकिन लिम्फोमा या लसिकाग्रंथींच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. मात्र बाजारातील शेवाळाच्या गोळ्यांनी कर्करोग बरा होत नाही. मानेत किंवा काखेत न दुखणारी गाठ दोन-तीन आठवडे टिकली, तर परळच्या केईएम किंवा टाटा रुग्णालयात दाखवावी.