काळ्या पाषाणांत कर्बवायु

आर्वी तालुक्यांत विहीर खणतांना काळी माती सरली, मुरूम सरला, कीं काळा पाषाण लागतो. बाहेर टाकलेल्या त्याच्या ढिगाऱ्यांत पांढऱ्या स्फटिकांनीं भरलेलीं लहान लहान छिद्रें श्रोत्यांपैकीं कोणी पाहिलीं असतील. त्यांतील कांहीं स्फटिक चुनखडीच्या जातीचे असतात. त्यांवर अम्लाचा थेंब टाकला तर बुडबुडे उठतात. हे बुडबुडे कार्बन डायॉक्साइडचे. त्यास मराठींत कर्बवायु म्हणतां येईल. हा वायु कोणे एके काळीं पाण्यांत विरघळून पाषाणाच्या पोकळींत शिरला आणि तेथेंच दगड होऊन राहिला.

निसर्गानें सावकाश केलेलें हें काम माणसानें त्वरेनें करावें, असा आज शास्त्रज्ञांचा प्रयत्न आहे. त्वरेचें कारण उघड आहे. एक टन शुद्ध कर्ब जळला कीं ३.६७ टन कर्बवायु होतो. आणि आर्वीच्या पश्चिमेस वाहणारी वर्धा नदी पुढें ज्या कोळशाच्या प्रदेशांत उतरते, तेथेंच चंद्रपूरचें २९२० मेगावॅटचें वीजकेंद्र आहे. धुराड्यांतला वायु तेथल्या तेथें पकडून पाषाणांत पुरतां येईल काय?

आइसलंडांत २०१२ सालीं ‘कार्बफिक्स’ या प्रयोगांत सुमारें १७५ टन शुद्ध वायु पाण्यांत विरघळवून बेसाल्टच्या थरांत ४०० ते ८०० मीटर खोल सोडण्यांत आला. त्याचा दगड होण्यास शतकें लागतील असा समज होता. परंतु दोन वर्षांच्या आंत ९५ टक्क्यांहून अधिक वायु दगड झाला, असें २०१६ सालीं प्रसिद्ध झालें. दख्खनचा काळा पाषाण म्हणजेही बेसाल्टच. मुंबईच्या आय्. आय्. टी.तील संशोधकांनीं २०२१ सालीं भारतांतील बेसाल्टची धारणाशक्ति ९७ ते ३१६ अब्ज टन अंदाजिली. अंदाजाचीं दोन टोकें तिपटीहून अधिक अंतरावर आहेत, हें लक्षांत घेतां अशा आंकड्यांनीं हुरळून जाणें बरें नव्हे.

खरा प्रश्न निराळाच आहे. पुरलेला वायु गेला कोठें, हें वरून कसें कळावें? येथें डिजिटल यंत्रांचें काम सुरू होतें. नॉर्वेनें १९९६ पासून उत्तर समुद्राच्या तळाखालीं, स्लाइप्नर येथें, वाळूच्या खडकांत वर्षास सुमारें दहा लाख टन वायु सोडण्यास आरंभ केला. वरून ध्वनिलहरी पाठवावयाच्या, त्यांचे प्रतिध्वनि टिपावयाचे, संगणकानें त्यांचें चित्र उभें करावयाचें, आणि कांहीं वर्षांनीं काढलेलें नवें चित्र जुन्याशीं ताडावयाचें. या रीतीनें वायूचा पसारा डोळ्यांस दिसूं लागला.

दख्खनेंत मात्र हा डोळा मंद होतो. लाव्हाचे घट्ट आणि सच्छिद्र थर एकाआड एक असल्यानें लहरी विखुरतात. शिवाय वायूचा दगड झाल्यावर तो भोंवतालच्या दगडाहून वेगळा ओळखणें कठीण. आइसलंडांत यावर तोड निघाली ती रसायनाची. वायूंत किरणोत्सारी कर्ब-१४ ची खूण मिसळली आणि पाण्यांत खडकाशीं संयोग न पावणारी दुसरी खूण घातली. शेजारच्या विवरांत दुसरी खूण येऊन पोंचली, पहिली जवळजवळ आलीच नाहीं. जी आली नाहीं, ती वाटेंत दगड झाली!

याखेरीज विवरांत सोडलेला काचतंतु उष्णता आणि कंप टिपतो, उपग्रह जमिनीचा मिलिमीटरांतला उठाव मोजतात, आणि संगणकांतील प्रतिकृति या नोंदींनीं वरचेवर दुरुस्त करतां येते. भूकंपमापकें तर हवींतच. जलाशयाच्या भारानें आणि खडकांत मुरणाऱ्या पाण्यानें काय होऊं शकतें, हें ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर कोयनेस निराळें सांगावयास नको.

आर्वीपुरती खरी अडचण पाण्याची आहे. आइसलंडच्या रीतीनें एक टन वायु विरघळविण्यास सुमारें २५ टन, म्हणजे २५ हजार लिटर पाणी लागतें. विदर्भांतील कोणता शेतकरी तें आनंदानें देईल? अमेरिकेंत वालुला येथें २०१३ सालीं पाण्यावांचून ९७७ टन वायु बेसाल्टमध्यें सोडला गेला. परंतु त्यासाठीं वायु दाट राहील अशी सुमारें ८०० मीटर खोली लागते, आणि दख्खनचा पाषाण पूर्वेकडे पातळ होत जातो. आर्वीखालीं तो पुरेसा जाड आहे कीं नाहीं, हें विवर खणूनच ठरेल. संत्र्यांच्या बागांस आणि घरांस पाणी पुरविणाऱ्या विहिरीही याच पाषाणाच्या भेगांवर जगतात.

म्हणून वायु सोडण्यापूर्वींच कांहीं वर्षें त्या विहिरींच्या पाण्याची अम्लता, क्षार आणि पातळी यंत्रानें अखंड नोंदली पाहिजे. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण-विहिरींची पातळी वर्षांतून चार वेळां मोजते. या कामास तेवढें पुरणार नाहीं. नोंदी गांवांतील लोकांसही पाहावयास मिळाव्या, नाहींतर पुढें एखाद्या विहिरीचें पाणी बदललें तर तें मुळांतच तसें होतें कीं वायूमुळें झालें, हा वाद मिटणार नाहीं.