चिमणीचा धूर पांढरा दिसला म्हणजे झाले का?



मागच्या हंगामाच्या अखेरीस आम्ही अमळनेर भागातल्या एका सभासदाच्या घरी गेलो होतो. धाब्यावर बिबड्या वाळत घातलेल्या. घरातल्या आजीबाईंनी एक बिबडी उचलून आमच्यापुढे धरली. वर बारीक काळे ठिपके. त्या म्हणाल्या, "भाऊ, हाई तीळ नही शे, तुमना कारखानानी राख शे." आम्ही खाली मान घालून चहा घेतला.

बिबड्यांचे एक वेळ सोडा. बोंडे फुटलेल्या कपाशीवर हीच काजळी बसली की व्यापारी वक्कल हातात घेऊन पहिले बोट त्या काळ्या डागावर ठेवतो, आणि भाव तिथेच तुटतो. ऊस आपला आणि कपाशीही आपलीच. एका खिशात आलेले दुसऱ्या खिशातून गेले तर हिशेब काय राहिला? अमळनेरला धुराचे अप्रूप नाही. प्रताप मिलचे गाव ते, आणि १९४५ साली वनस्पती तुपाचा कारखानाही तिथेच निघाला. पण आपल्या कारखान्याचे मालक आपण आहोत, तेव्हा जाब विचारायचा हक्कही आपलाच.

आम्ही बॉयलर हाऊसमध्ये गेलो आणि विचारले, "राख धरायचे यंत्र आहे ना?" उत्तर आले, "आहे. आणि चालूही आहे, बघा ना, धूर पांढरा आहे." इथेच गफलत आहे. बगॅसमध्ये निम्मे पाणीच असते. त्यातून धूर वेट स्क्रबरमध्ये, म्हणजे पाण्याच्या फवाऱ्यात धुतला की चिमणीतून वाफ निघते, आणि वाफ पांढरीच दिसणार. तिच्या आड राख किती आहे ते डोळ्यांना कळत नाही. चिमणीपासून थोडे दूर जा, वाफ विरली की मागे करडी रेघ उरते का ते पाहा. ती उरत असेल तर समजावे की पाणी फिरते आहे, राख धरली जात नाही.

आता यंत्राची परीक्षा कशी करायची? सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे पाणी भरलेली यू आकाराची काचेची नळी. तिचे एक तोंड स्क्रबरच्या आधीच्या डक्टला, दुसरे नंतरच्या. दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या उंचीत जो फरक पडतो तो मिलिमीटरमध्ये मोजतात. समजा यंत्र नवे असताना, पूर्ण भारावर हा फरक ८० होता आणि आज ४० आहे. म्हणजे नोझल बुजले, आतल्या प्लेटा गळाल्या, नाहीतर बायपासचा डॅम्पर कुणीतरी उघडा ठेवला. फरक वाढून १२० झाला तर आत गाळ साचला. मात्र आकड्याशेजारी त्या वेळी बॉयलर किती टन वाफ देत होता तेही लिहिले पाहिजे. धूर निम्मा झाला की हा फरक चौथाईवर येतो, आणि मग चांगल्या यंत्रावर उगाच आळ येतो.

आम्ही लॉगबुक मागितले. रकाना होता. तीन पाळ्यांत, सलग अकरा दिवस, एकच आकडा. हाताने लिहिलेला आकडा इतका स्थिर राहत असेल तर एकतर नळी बुजली आहे किंवा लिहिणारा नळीजवळ गेलेला नाही. फायरमनला आम्ही दोष देत नाही. रात्री दोन वाजता त्याला प्रेशर सांभाळायचे असते, आणि तो आकडा पाहणारे वर कुणी नसेल तर तो तरी कशाला जिना चढेल?

दुसरी परीक्षा काट्यावरची. राख कुठे उडून जात नाही. शेगडीखाली पडते, यंत्रात धरली जाते, नाहीतर गावावर जाते. रोज २५०० टन गाळप धरले तर बगॅस साधारण ७०० टन. बहुतेक जळतो, आणि राख शेकडा दोन धरली तरी रोज दहा-बारा टन होते. गाळप तेच आणि ट्रॉल्या मात्र कमी झाल्या, तर उरलेली राख कुठे गेली हे आजीबाईंना विचारावे. सायक्लोन पद्धतीच्या यंत्रात हॉपरच्या तळाला फट पडली तरी हेच होते. फटीतून हवा आत शिरते आणि बसलेली राख पुन्हा उचलते. फट बोटाएवढी, पण घोटाळा मोठा.

ज्या कारखान्यांनी ईएसपी, म्हणजे विजेच्या दाबाने राख ओढणारे यंत्र बसवले आहे, तिथे पाणी लागत नाही, पण किलोव्होल्ट आणि मिलिअँपिअरचे काटे पाहावे लागतात. प्लेटांवर ठोकणारे हातोडे बंद पडले किंवा हॉपर भरून राख वर चढली की काटा लगेच सांगतो. पाहणारा हवा.

कायद्याचे थोडक्यात. हवेच्या प्रदूषणाचा कायदा १९८१ चा. पूर्वी शेगडीच्या प्रकारानुसार मर्यादा वेगळ्या आणि ढिल्या होत्या. जानेवारी २०१६ पासून साखर कारखान्यांच्या चिमणीला घनमीटरमागे १५० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. हा आकडा सभासदाच्या भाषेत असा: तासाला एक लाख घनमीटर धूर सोडणाऱ्या बॉयलरमधून १५० च्या दराने तासाला १५ किलो राख जाते. तीच ६०० झाली तर ६० किलो, म्हणजे दिवसाला जवळजवळ दीड टन.

ही मोजणी चिमणीला भोक पाडून, सळईच्या टोकाला बसवलेल्या छोट्या गाळण-बोंडीत धूर ओढून करतात. बोंडी आधी वजन करायची, नंतर करायची. चिमणीत धूर ज्या वेगाने जातो त्याच वेगाने तो नळीत ओढला पाहिजे. जास्त वेगाने ओढला तर जड कण बाजूने निसटतात आणि राख कमी दिसते. दरवाजे-फटींतून जादा हवा आली तरी धूर पातळ होऊन आकडा खाली येतो, म्हणून सोबत ऑक्सिजन किंवा कार्बन डाय-ऑक्साइडचीही नोंद पाहावी. आणि मोजणीच्या दिवशी बॉयलर निम्म्या भारावर चालवला असेल, तर त्या कागदाचे मोल निम्मेच.

केंद्रीय मंडळाच्या २०१४ च्या आदेशानंतर साखर कारखान्यांना चिमणीवर सतत मोजणारी यंत्रे बसवावी लागली, त्यांचे आकडे थेट मंडळाकडे जातात. चांगलीच गोष्ट आहे. पण प्रकाशाच्या झोताने मोजणारे यंत्र वेट स्क्रबरच्या ओल्या धुरावर लावले तर ते पाण्याच्या थेंबांनाही राख समजते. काच पुसली नाही तर आणखी निराळेच सांगते. तेव्हा नळीचा रकाना, ट्रॉल्यांची नोंद आणि हे यंत्र, तिन्ही एकमेकांशी ताडून पाहिले पाहिजेत.

खर्चाचे म्हणाल तर राख न धरणेच महाग पडते. ती आय.डी. फॅनची पाती खाते, आणि काळ्या कणांत न जळलेला बगॅस असतो, म्हणजे आपला विकाऊ माल धुरातून जातो. धरलेली राख मात्र प्रेसमडमध्ये मिसळून शेतात परत नेता येते, तिच्यात पालाश असते.

चीफ इंजिनिअर साहेबांनी आमच्यासमोर ती यू नळी काढून पाहिली. आत राखेचा घट्ट गोळा होता. नळी धुऊन लावल्यावर आकडा निघाला ३५. स्क्रबर उघडला, तर सोळांपैकी सात नोझल बंद. या बंद हंगामात ती बदलायची ठरले आहे. येत्या गाळपापासून पाळीगणिक आकडा शेतकी ऑफिसच्या फळ्यावर लिहावा अशी आमची सूचना संचालक मंडळापुढे आहे. उसाच्या नोंदीला याल तेव्हा फळ्याकडेही नजर टाका, आणि सलग दोन दिवस तोच आकडा दिसला तर आत जाऊन विचारा.