दिव्यांग मुलाला खेळायला कुठे न्यायचे? शेजारच्या गावांनी मिळून काढलेला मार्ग

"आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीला नेतो, बाकीचे दिवस तो टीव्हीसमोरच असतो." डाऊन सिंड्रोम, सेरेब्रल पाल्सी किंवा स्वमग्नता असलेल्या मुलांचे पालक तपासणीच्या वेळी हे हमखास सांगतात. बागेत नेले तर इतर मुले खेळायला घेत नाहीत, क्लासवाले "आम्हाला जमणार नाही" म्हणतात. यात पालकांचा दोष नाही. सोयीची जागा आणि शिकवणारे जाणकार माणूस, दोन्ही मिळत नाहीत.

खेळणे इतके गरजेचे का?

हालचाल कमी झाली की वजन वाढते, स्नायूंची ताकद घटते, झोप आणि पोट साफ होणे बिघडते. सेरेब्रल पाल्सीमध्ये सांधे आखडण्याचा त्रासही वाढू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत दिव्यांग व्यक्तींचा स्वतंत्र विचार केला आहे. ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटे आणि प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम, असे ते प्रमाण आहे. एवढे जमत नसेल तर जमेल तेवढे करावे. थोडी हालचालही अजिबात नसण्यापेक्षा चांगली.

एकट्या गावाला हे का जमत नाही?

एका लहान शहरात एकाच वयाची आणि सारख्या गरजेची मुले चार-पाचच असतात. तेवढ्यांसाठी प्रशिक्षित शिक्षक नेमणे, व्हीलचेअर चढेल अशी गाडी घेणे, तलावात उतरण्याची खास सोय करणे कोणालाच परवडत नाही. म्हणून कोणीच काही करत नाही.

अमेरिकेतील इलिनॉय राज्याने यावर तोडगा काढला. तिथे उद्याने आणि खेळ सांभाळणाऱ्या 'पार्क डिस्ट्रिक्ट' नावाच्या स्वतंत्र स्थानिक संस्था असतात. त्यांना एकमेकींशी करार करून दिव्यांगांसाठी एकत्र संस्था चालवण्याची मुभा कायद्याने मिळाली. १९७० मध्ये शिकागोच्या उत्तरेकडील उपनगरांनी अशी पहिली संस्था स्थापन केली. पुढे राज्यभर अशा संस्था उभ्या राहिल्या.

काम असे चालते: प्रत्येक गाव आपला वाटा देते. त्यासाठी मालमत्तेच्या करपात्र मूल्यावर जास्तीत जास्त ०.०४ टक्के वेगळा कर लावता येतो. या पैशातून प्रशिक्षित कर्मचारी आणि वाहने मिळतात. मैदाने, तलाव, सभागृहे मात्र गावांचीच वापरली जातात. काही वर्ग फक्त दिव्यांगांसाठी असतात. ज्याला सगळ्यांबरोबर खेळायचे आहे, त्याला गावातल्या नेहमीच्या वर्गात मदतनीस दिला जातो. मुख्य म्हणजे शाळा संपल्यावरही हे थांबत नाही, कारण मोठ्या वयाच्या व्यक्तींसाठीही कार्यक्रम असतात.

आपल्याकडे काय करता येईल?

७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत उद्याने व क्रीडांगणे, तसेच दिव्यांगांसह दुर्बल घटकांचे हितरक्षण, हे दोन्ही विषय नागरी संस्थांकडे सोपवण्याच्या कामांत आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानेही करमणुकीत समान सहभाग मिळावा यासाठी उपाय योजण्याची जबाबदारी शासनाबरोबर स्थानिक संस्थांवर टाकली आहे. त्यामुळे शेजारच्या दोन शहरांतील पालकांनी मिळून दोन्हीकडे लेखी मागणी करावी. सुरुवात लहान ठेवा: आठवड्यातून दोन दिवस, एक तास, एक मैदान आणि एक प्रशिक्षक.

खेळ सुरू करण्यापूर्वी

- डाऊन सिंड्रोम असलेल्या सुमारे निम्म्या मुलांना जन्मजात हृदयदोष असतो. हृदयाची तपासणी झाली नसेल तर आधी करून घ्या.
- डाऊन सिंड्रोममध्ये मानेचे वरचे मणके सैल असू शकतात. कोलांटी, कुस्ती, सूर मारणे यापूर्वी डॉक्टरांना विचारा.
- फिट्स येत असतील तर पाण्यात एकटे कधीही सोडू नका. फक्त त्याच्यावरच लक्ष ठेवणारी, पाण्यातून बाहेर काढता येईल अशी मोठी व्यक्ती जवळ हवी.
- स्वमग्न मुलाला आधी रिकामे मैदान दाखवा, गर्दी आणि आवाज हळूहळू वाढवा.
- औषधे, फिट आल्यास काय करायचे आणि तुमचा फोन नंबर प्रशिक्षकाला लिहून द्या.

ताबडतोब डॉक्टरांकडे केव्हा जावे?

मान दुखणे किंवा वाकडी होणे, चाल बदलणे, हातापायांत नवा अशक्तपणा, लघवी-शौचावरचा ताबा जाणे, खेळताना छातीत दुखणे, ओठ निळे पडणे किंवा चक्कर येऊन पडणे, यांपैकी काहीही दिसले तर खेळ लगेच थांबवा.

मुलाच्या पुढच्या तपासणीत औषधांबरोबर हेही डॉक्टरांना विचारा: "याने कोणता खेळ खेळावा?" त्याचे उत्तर चिठ्ठीवर लिहून घ्या. नगरपालिकेकडे मागणी करताना तीच चिठ्ठी अर्जाला जोडता येईल.